घर सोडलं तर घर जाईल का?

एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ‘घरच्या पत्त्यावर उत्तर पाठवू नका’ असं त्यांनी अगदी वर लिहिलंय. म्हणून ओळख पटेल असं सगळं बदलून त्यांचा प्रश्न इथे थोडक्यात देते.

वय ३४. लग्नाला चौदा वर्षं झाली. राहणं तालुक्याच्या गावी, सासूच्या नावावरच्या घरात. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. नवरा पतसंस्थेत नोकरीला, दारूच्या थेंबाला शिवत नाही, गावात शब्दाला मान. घरात मात्र माहेरचा फोन लांबला की किंवा घरखर्चाच्या वहीत वीस रुपयांचा फरक निघाला की हात उचलतो. नातेवाईक दोनदा बसले, त्याने दोनदा स्टॅम्प पेपरवर ‘पुन्हा असे होणार नाही’ असं लिहून दिलं. भाऊ वन-रूम-किचनमध्ये राहतो. ‘चार दिवस या’ असं वहिनी म्हणते. ताई घरीच ब्लाऊज शिवतात, फॉल-बिडिंग करतात. अंगणवाडीच्या सेविकेने त्यांच्या कानावर घातलं की जिल्ह्याच्या गावी बायका-मुलांसाठी निवारा आहे. तेव्हापासून त्यांच्या मनात घोळतंय : आश्रमात गेले तर घरावरचा आणि मुलांवरचा हक्क जाईल का? मुलं अनाथासारखी वाढतील का? नवरा दारुडा नाही, मग बाहेर पडल्यावर दोष माझ्यावरच येईल ना? निदान मुलाची दहावी होईपर्यंत सहन करावं का?

ताई,

पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, ‘मागच्या महिन्यात गळा धरला, पण लगेच सोडला.’ आणि पुढच्याच ओळीत मुलीच्या गॅदरिंगच्या ड्रेसवर आलात. मी त्या ओळीपाशीच अडकले. गळा दाबल्याचं ऐकलं की या कामातली माणसं सावध होतात, मग ती डॉक्टर असोत, समुपदेशक असोत की पोलीस. थोबाडीत मारणं वाईटच, पण जिथे हात एकदा गळ्यापर्यंत गेला, तिथे पुढे बाईच्या जिवाला असलेला धोका कैक पटींनी वाढतो, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. ‘लगेच सोडला’ म्हणून तो कमी होत नाही. गळ्यावर वळ नसला तरी आत सूज येऊ शकते, तीही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली, तर सरकारी दवाखाना गाठायचा आणि केसपेपर काढताना ‘पायरीवरून पडले’ असं सांगायचं नाही. खरं कारण सांगायचं. ती नोंद पुढे कोर्टात बोलते.

तेव्हा दहावीपर्यंत थांबावं का, याला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पुढचं सगळं लिहितेय ते कुठे जायचं आणि कसं जायचं याबद्दल.

दारूचं तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंय. ‘पिऊन मारतो’ म्हणायची सोय नाही, म्हणून आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तुम्हाला वाटू लागलंय. जरा उलट बाजूने बघा. पतसंस्थेच्या काउंटरवर रोज किती लोक यांच्याशी हुज्जत घालत असतील, साहेब चारचौघांत बोलत असतील. तिथे यांनी आजवर कुणाची मान धरली? म्हणजे राग आवरता येतो. तो कुठे आवरायचा आणि कुठे नाही, तेही कळतं. आणि ती खर्चाची वही! शिलाईचे पैसे काढून घेणं, रुपयान्‌रुपयाचा जाब मागणं हा आर्थिक छळ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक आणि आर्थिक असे चारही छळ हिंसाचारात धरले आहेत. नवरा व्यसनी असावा, अशी अट कुठेच नाही.

दहावीबद्दल मला फार समजवायचं नाही, तुमचीच ओळ तुम्हाला दाखवते. त्या रात्री मुलाने बहिणीला आतल्या खोलीत नेलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. अकरा वर्षांचं पोर घरात पहारा देतंय, ताई. वह्या-पुस्तकं समोर उघडी असली तरी कान बाहेर लागलेला असतो. अशी अजून चार वर्षं काढून दहावीला काय मार्क पडतील ते पडोत; तोवर हा मुलगा काय शिकलेला असेल, त्याचा विचार करा.

आता घराच्या हक्काचं, कारण तुमचा पाय खरा इथे अडकलाय. घर सासूच्या नावावर आहे, आपण उंबरठा ओलांडला की संपलं, असं तुम्हाला सांगितलं गेलंय. तसं नाही. याच कायद्याच्या कलम १७ नुसार विवाहितेला नांदत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं. जीव वाचवायला बाहेर पडलात म्हणजे तुम्ही हक्क सोडून दिलात, असं होत नाही. निवाऱ्यात राहूनच घराचा अर्ज करता येतो, आणि तुम्ही तात्पुरत्या जिथे राहाल तिथल्या कोर्टातही करता येतो. अर्थात, पदरात नेमकं काय पडेल याबद्दल भाबडेपणा नको. न्यायालय म्हाताऱ्या सासूच्या हक्काचाही विचार करतं. त्यामुळे त्याच घरात खोली मिळण्याऐवजी नवऱ्याने दुसरीकडे तशाच दर्जाची जागा द्यावी किंवा भाडं भरावं, असा आदेश निघू शकतो. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्हाला तेच जास्त मानवेल.

मग कोर्टाचा आदेश घेऊन त्याच घरात राहिलं तर? एरवी हा मार्ग मी आधी सुचवते. बाईनेच का बाहेर पडायचं, हा प्रश्न रास्तच आहे, आणि कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगूही शकतं. पण तसा आदेश घरातल्या बाईविरुद्ध निघत नाही; सासू तिथेच राहणार. शिवाय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. नोटीस नवऱ्याच्या हाती पडल्यापासून आदेश निघेपर्यंतच्या रात्री तुम्ही त्याच छताखाली काढायच्या, तेही गळ्याचा प्रकार घडल्यावर? तुमच्या बाबतीत मी हा सल्ला देणार नाही.

माहेरचं. तुमचा भाऊ वाईट नाही, वहिनीही नाही. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसांची आठ होतात, तेव्हा आठव्या दिवशी भांडी आपटू लागतात, यात कुणाच्या मनाचा प्रश्न नसतो. आणि नवरा शोधत पहिल्यांदा त्याच दारात येणार. भावाकडून दुसरी मदत घ्या : कागद सांभाळणं, कोर्टाच्या तारखेला सोबत येणं, वकिलाशी बोलणं. तुम्ही कुठे राहता हे मात्र त्यालाही काही दिवस सांगू नका. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. ठाऊक नसलं की त्याच्या तोंडून निसटणारही नाही.

आणि एकदम भाड्याची खोली घेणं आत्ता जमणार नाही. डिपॉझिट, दोन मुलं, एकटी बाई म्हटल्यावर घरमालकाचे प्रश्न, आणि मशीन अजून सासरी. ते पुढच्या टप्प्यावर.

राहिला निवारा. ‘आश्रम’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर डोकं झाकून बसलेल्या, कुणी नसलेल्या बायका येतात. आपल्याच राज्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात अडलेल्या विधवांसाठी घर उघडलं, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे गेलेल्या बायकांनाही लोकांनी नावं ठेवलीच. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. असो, इतिहासाने तुमचा उद्याचा दिवस सोपा होत नाही, म्हणून आजची पद्धत सांगते.

१८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिथून तुम्हाला जिल्ह्यातल्या सखी केंद्राशी, म्हणजे वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतं. तिथे उपचार, समुपदेशन, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच ठिकाणी मिळावी अशी योजना आहे, आणि पाचेक दिवस राहता येतं. लांबच्या मुक्कामासाठी शक्ती सदन असतं. पूर्वी त्यालाच स्वाधार गृह म्हणत, अजूनही बरेच लोक तेच नाव घेतात. त्याशिवाय सरकारी महिला राज्यगृहं आहेत आणि काही संस्थांची स्वतःची घरं आहेत. मुंबईतलं श्रद्धानंद महिलाश्रम १९२७ पासून आहे; पुण्याजवळ वढू बुद्रुकला ‘माहेर’ १९९७ पासून.

‘आधी पोलिसात तक्रार करून या’ असं कुणी म्हणालं तर घाबरून परत फिरू नका. त्या २००५ च्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत लिहिलंय की, घटनेचा अहवाल आधी नोंदवला नाही या कारणाने निवारागृहाने बाईला नाकारायचं नाही. आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे समोरच्या माणसाला कळवायचं नाही. हा अहवाल, ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात, संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, नंतरही भरता येतो. वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००.

आत गेल्यावर काय असतं, हे कुणी सांगत नाही. एका मोठ्या खोलीत ओळीने कॉट, प्रत्येकीला एक कपाट किंवा नुसती ट्रंक. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या. चाळीस-पन्नास पोळ्या लाटायची पाळी येते. फाटकापाशी वही, कुठे चाललात, कधी येणार, सही. पहिल्या रात्री मुलं रडतात, मग शेजारच्या कॉटवरच्या पोरांशी पत्ते खेळू लागतात. काही ठिकाणी अधीक्षक बाई मायाळू असतात, काही ठिकाणी शाळेच्या बाईंसारखं सतत दरडावणं. काही संस्था मोबाइल काढून घेतात. नोकरीसाठी बाहेर जायला काही लगेच परवानगी देतात, काही महिनाभर नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला कोंडून ठेवणाऱ्या जागा आहेत, हे मी झाकून ठेवणार नाही. पण तुम्ही सज्ञान आहात. स्वतःहून गेलात तशा स्वतःहून बाहेरही पडू शकता. म्हणून जाण्याआधी फोनवरच विचारून घ्या : फोन जवळ ठेवता येईल का, शिलाईचं काम करता येईल का, मुलांची शाळा किती लांब आहे, किती महिने राहता येईल, कोर्टाच्या तारखेला सोबत कोण येतं. आणि सगळ्यात आधी विचारायचं मुलाचं वय.

हा खरोखर कळीचा मुद्दा आहे. मुलींना आईजवळ ठेवतात, मुलग्यांना वयाची अट असते. कुठे आठ वर्षं, कुठे दहा, कुठे बारा. तुमचा मुलगा नेमका काठावर आहे. जिथे घेत नाहीत तिथे बाल कल्याण समितीमार्फत त्याची सोय मुलांच्या वेगळ्या गृहात करतात. ज्या मुलाने बहिणीला सांभाळलं त्यालाच आईपासून तोडायचं, ही या व्यवस्थेतली मला सर्वात खटकणारी गोष्ट आहे. त्यामुळे पहिल्याच ठिकाणी ‘हो’ म्हणू नका. तिघांना एकत्र घेणारी जागा पन्नास किलोमीटर लांब असली तरी तीच बघा. बाराव्या वाढदिवसाला किती महिने उरलेत, तेही सांगा. नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न.

मुलांवरचा हक्क जाईल का? आईने स्वतःच्या मुलांना सोबत नेणं म्हणजे पळवणं होत नाही. ताब्याबाबत कोर्टाचा आदेश आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्याकडे तसा नाही. २००५ च्याच कायद्यात मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. मात्र एक काम त्याच दिवशी करा. नवरा पोलीस ठाण्यात ‘बायको-मुलं बेपत्ता’ अशी मिसिंग नोंदवणार. त्याआधी किंवा लगेच तुमचा अर्ज तिथे पोचायला हवा : मी मारहाणीमुळे, स्वतःच्या मर्जीने, मुलांसह घर सोडलं आहे, सुरक्षित आहे, माझा पत्ता कुणालाही देऊ नये. सखी केंद्रातून तो पाठवून घ्या आणि पोच ठेवा.

शाळेचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. शाळा सोडल्याचा दाखला हाती नसला तरी पहिली ते आठवीच्या मुलाला नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून अडवताही येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. फक्त लक्षात ठेवा, दाखला मागवला की जुन्या शाळेला नव्या शाळेचं नाव कळतं आणि जुन्या शाळेत वडिलांच्या ओळखी असतात. म्हणून नव्या मुख्याध्यापकांना आधीच भेटून सांगा, मुलांना कोण न्यायला येऊ शकतं आणि कोण नाही.

निघायची तयारी. भांडणाच्या भरात ‘मी चालले’ असं म्हणू नका. बाई निघते तेव्हाच धोका सर्वात जास्त असतो. दिवसा, नवरा कामावर असताना, शाळेच्या वेळेत निघा. त्याआधी एकेक कागद अंगणवाडीच्या ताईंकडे ठेवत जा : तिघांची आधार कार्डं, मुलांचे जन्माचे दाखले, रेशन कार्डची झेरॉक्स, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, केसपेपर, तुमच्या नावाच्या खात्याचं पासबुक आणि एटीएम कार्ड. लाडकी बहीणचे पैसे त्या खात्यात येत असतील तर पिन कुणाला माहीत आहे तेही बघा. फोन नवऱ्याने घेऊन दिलाय ना? मग त्यात त्याचंच गुगल खातं असण्याची शक्यता आहे. लोकेशन त्याला दिसत असेल. सिम त्याच्या नावावर असेल तर तो फोन नेऊच नका.

मशीन उचलून नेता येणार नाही. तुम्ही लिहिलंय ते वडिलांनी दिलंय; म्हणजे ते स्त्रीधन आहे, दागिन्यांसारखंच. अर्ज करताना यादीत नावासकट लिहा, शक्य असेल तर आजच त्याचा फोटो काढा, बिल माहेरी सापडतंय का बघा. स्त्रीधन परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. मशीन आलं की कमाई सुरू होईल, आणि मग सखी निवासचा, म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाचा, किंवा भाड्याच्या खोलीचा विचार करता येईल. मुलग्याच्या वयाची अट तिथेही असते.

आणि ते दोन स्टॅम्प पेपर! तुम्ही चिडून लिहिलंय की त्यांची किंमत रद्दीइतकी. मला तसं वाटत नाही. ‘पुन्हा असे होणार नाही’ याचा अर्थ, आधी असं झालं होतं. खाली त्याची सही आहे, साक्षीदारांच्याही. ज्यांच्याकडे मूळ प्रत असेल त्यांच्याकडून काहीतरी निमित्त काढून झेरॉक्स मिळवा.

पुढे काय होईल, तेही सांगून ठेवते. तुम्ही गेल्यावर पंधरवड्यात निरोप येतील. सासूची तब्येत, मुलांची आठवण, ‘झालं गेलं विसरू’. तंटामुक्तीची मंडळी येतील, कदाचित एखादी समुपदेशकही ‘एकदा संधी द्या’ म्हणेल. तेव्हा म्हणायचं, जे ठरवायचं ते कोर्टासमोर ठरवू. पहिल्या तारखेलाच अंतरिम संरक्षण आणि खर्चाचा आदेश मागा. संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं, आणि याची जाणीव पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला चांगलीच असते. इतकं करूनही एखाद्या दिवशी परत जावंसं वाटलं आणि गेलात, तर लाज धरू नका. पुष्कळ जणी एकदा परत जातात, मग पुन्हा निघतात. निवाऱ्याचं दार दुसऱ्यांदाही वाजवता येतं.

हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी थोडंसं. मुंबईत असाल तर महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत ‘दिलासा’ विभाग आहेत. दवाखान्यात आलेल्या बाईची तिथल्या तिथे विचारपूस होते. राज्यभर बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर त्यांची सुरुवात केली. तिथे गणवेशातली व्यक्ती नसते, समाजकार्यकर्त्या बसतात. तातडी असेल तर ११२. आणि शेजारणींनो, ‘त्यांच्या घरातलं आहे’ म्हणून खिडकी लावून घेऊ नका. काही निमित्त काढून बेल वाजवा, नाहीतर तुम्ही फोन करा; संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याने बालंट येत नाही.

ताई, १८१ ला फोन तुमच्या मोबाइलवरून नको, अंगणवाडीच्या ताईंच्या फोनवरून करा, मुलं शाळेत असतात त्या वेळेत. पहिलं वाक्य मुलाबद्दलच असू दे : अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी सोबत आहेत, तिघांना एकत्र ठेवाल का? ‘नाही’ म्हणाले तर फोन ठेवायचा नाही. जवळपास कोण ठेवतं, त्या संस्थेचं नाव आणि तिथे बोलायचं कुणाशी, हे लिहून घ्यायचं आणि मगच ठेवायचा.